साडेचौदा हजारांचा क्रँकसेट, की मागची कॅसेट?

कोथरूडहून एका वाचकाचं पत्र आलंय. त्यांच्या रोड बाइकला शिमानो कंपनीच्या टियाग्रा 4700 मालिकेचा 52-36 दातांचा क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि पुढच्या दोन दातेरी चक्र्या) आहे, मागे 11-28 ची कॅसेट, म्हणजे 11 ते 28 दातांच्या चक्र्यांचा संच. सिंहगडाच्या चढावर गुडघे भरून येतात, जोर लावला की चेन उडी मारते. दुकानदाराने शिमानोच्याच वरच्या 105 मालिकेचा 50-34 क्रँकसेट सुचवलाय: 14,500 रुपये, कार्डावर सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. ओळखीतला एक जण वापरलेला अल्टेग्रा, म्हणजे 105 च्याही वरच्या मालिकेचा क्रँकसेट, 9,000 ला देतोय. पगार हातात 62,000, घराचा हप्ता 23,000, अडीअडचणीसाठी ठेवलेले 40,000. डिसेंबरात 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे.

आधी गिअरचं गणित करू, कारण पैशाचं उत्तर त्यातच आहे. पुढच्या चक्रीचे दात भागिले मागच्या चक्रीचे दात, हा आकडा जितका लहान तितका गिअर हलका. आज तुमचा सर्वांत हलका गिअर 36 भागिले 28, म्हणजे 1.29. नवा क्रँकसेट लावलात तर 34 भागिले 28, म्हणजे 1.21. जेमतेम सहा टक्के हलका. पुढचं काही न बदलता मागे 11-32 ची कॅसेट टाकलीत, तर 36 भागिले 32 म्हणजे 1.125, साडेबारा टक्के हलका. चढावर मिनिटाला 60 वेळा पाय फिरत असतील, तर त्याच वेगाला ते 68-69 वेळा फिरतील आणि प्रत्येक फेरीत गुडघ्यावरचा भार कमी होईल. दुप्पट आराम, आणि चेनसकट खर्च साधारण पाच हजारांच्या आत. एवढंच पाहा की मागचा डिरेल्युर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा, शिमानोच्या भाषेत जीएस, आहे ना. छोट्या पिंजऱ्याचा असेल तर तो 28 वरच थांबतो, मग त्याचाही खर्च धरावा लागेल.

वजनाचं म्हणाल, तर 105 साधारण दोनशे ग्रॅम वाचवतो. तुम्ही आणि सायकल मिळून 85 किलो धरलं तर चाळीस मिनिटांच्या चढावर पाच-सहा सेकंदांचा फरक. 200 च्या बीआरएमला साडेतेरा तास असतात, तिथे या सेकंदांना काही किंमत नाही.

चेन उडी मारते ती बहुतेक वेळा चेन आणि कॅसेट झिजल्याने. चेनची झीज मोजणारं गेज लावून बघा. 0.75 चं टोक कड्यांत सहज उतरलं तर चेन संपली. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेनही उडते, म्हणून दोन्ही एकदम बदला. पुढच्या चक्रीचे दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले, तरच तिचा विचार करायचा.

अल्टेग्रा मात्र घेऊ नका. सप्टेंबर 2023 मध्ये शिमानोने जुलै 2019 पूर्वी बनलेले 11-स्पीडचे (मागे 11 चक्र्या असलेल्या सायकलींचे) अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक तपासणीसाठी बोलावले, कारण चिकटवलेले दोन भाग सुटत होते. 105 त्यात नव्हता. उतारावर क्रँक सुटला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता हप्ता. महिन्याला 2,417 रुपये तुम्हाला जड जाणार नाहीत, हे मान्य. पण नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतो, वर प्रक्रिया शुल्क. आणि एक हप्ता चुकला की कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं. तुमचे 40,000 घराच्या हप्त्यासकट एका महिन्याच्या खर्चालाही पुरे पडणार नाहीत, माझी खरी काळजी ती आहे. शिवाय 105 चा हा क्रँक 11-स्पीडचा, तुमची सायकल 10-स्पीडची. आज क्रँक, उद्या शिफ्टर (गिअर बदलायचा खटका), परवा डिरेल्युर. नालासाठी घोडा असंच विकत घेतलं जातं, आणि पैशाच्या सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसणाऱ्या बऱ्याच कुटुंबांचं बजेट अशाच साखळीने बिघडलेलं असतं.

म्हणून कॅसेट आणि चेन याच महिन्याच्या पगारातून, रोखीने घ्या. बिलावर जीएसटी 5 टक्के आहे ना पाहा, सायकलच्या सुट्या भागांवर तो सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून खाली आलाय. मग 1,500 रुपयांची आरडी सायकलच्या नावाने सुरू करा आणि तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत ती मोडू नका.

एका गोष्टीने माझं मत बदलू शकतं. क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडलच्या आट्यांजवळ, लांबी कोरलेली असते. तुमची उंची साडेपाच फुटांच्या आत असेल आणि तिथे 175 लिहिलेलं असेल, तर गुडघ्याचं दुखणं लांब क्रँकचंही असू शकतं. अशा वेळी शरीराच्या मापाने सायकल जुळवून देणाऱ्या फिटरला दाखवून 165 चा क्रँक घेणं हा तब्येतीवरचा खर्च आहे, त्यासाठी आरडी मोडलीत तरी माझी हरकत नाही. तो आकडा आणि तुमची उंची मला कळवा.