करिअर कट्टा: सर्टिफिकेटनं नोकरी लागते का हो?

प्रश्न: दादा, मी नांदेडचा, बीएस्सी कम्प्युटर सायन्स केलंय, आता खराडीला डेस्कटॉप सपोर्टला आहे, थर्ड पार्टी पेरोलवर. दिवसभर पासवर्ड रिसेट, प्रिंटर आणि आउटलुक. सगळे म्हणतात नेटवर्किंग नको, क्लाउड कर. एक क्लासवाला सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) प्लस एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) असा कॉम्बो देतोय, 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतोय. टेलिग्रामच्या एका ग्रुपवर डम्प्सची, म्हणजे परीक्षेतल्या फुटलेल्या प्रश्नांची, पीडीएफ पण फिरतेय. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी डम्प्सचं बोलू, कारण पैसे वाचतायत म्हटल्यावर तुझा हात तिकडंच जाणार. पीडीएफ पाठ करून पास होणारे आहेत, खोटं कशाला बोलू, पण इंटरव्ह्यूत समोरचा सहज विचारतो की युजरच्या पीसीला 169.254 नं सुरू होणारा आयपी आलाय, तू काय बघशील, आणि पाठांतरवाला तिथंच गप्प होतो. तू तर हे डेस्कवर पाहिलंही असशील. डीएचसीपीकडून, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडून, आयपी मिळाला नाही की मशीन स्वतःच असला पत्ता घेऊन बसते. आता त्याच्या पुढं जा, केबल नीट आहे का, पोर्ट भलत्याच व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) टाकलाय का, स्कोपमधले, म्हणजे वाटायला ठेवलेले, आयपी संपलेत का, सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कमध्ये असेल तर मागणी तिकडं पोचवणारा रिले लावलाय का. अर्धा अभ्यास तुझ्या तिकिटांमध्येच, म्हणजे युजरच्या तक्रारींमध्येच, पडलाय बघ. आणि हो, परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर फोडणार नाही असा करार तू मान्य करतोस, सापडलास तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, पुढं बसायला बंदीही येऊ शकते.

आता सीसीएनए की क्लाउड. तुझ्या जागेवरून मी आधी सीसीएनएच सांगेन, कारण क्लाउडमध्ये गेलास तरी सबनेट (नेटवर्कचे पाडलेले तुकडे), राउट टेबल, फायरवॉल रूल काही सुटत नाहीत. 2020 च्या फेब्रुवारीत सिस्कोनं वेगवेगळे सीसीएनए गुंडाळून एकच परीक्षा ठेवली, 200-301. वेळ 120 मिनिटं, फी 300 डॉलर, म्हणजे आपले 25 हजारांच्या पुढंच, टॅक्स वेगळा. एकदा पुढं गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, त्यामुळे सबनेटिंग बोटावर पाहिजे, /26 चा तुकडा म्हटलं की 62 होस्ट, म्हणजे 62 मशीनना पत्ते, विचारच करायचा नाही. सगळ्यात जास्त वजन आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे राउटिंगच्या भागाला आहे, 25 टक्के, आणि पोरं नेमकं राउटिंगच शेवटच्या आठवड्यात उरकतात.

पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर अकाउंट काढ. दोन स्विच, एक राउटर, तीन व्हीलॅन, एवढं उभं कर आणि मग मुद्दाम बिघडव! ऑनलाइन ग्रुपचा खरा उपयोग इथं होतो. हजारो मेंबरच्या ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंग आणि रात्री 'ब्रो लेटेस्ट डम्प्स आहेत का' एवढंच चालतं, त्यातूनच तुझ्यासारखे चार-पाच जण वेचून घे, रविवारी दोन तास गूगल मीटवर बसा, एकानं ट्रंकवर (दोन स्विचमधल्या जोडणीवर) एखादा व्हीलॅन अलाउ न केलेली अशी बिघडलेली लॅब फाइल टाकायची, बाकीच्यांनी बोलत बोलत शोधायची. बोलत शोधायची हे महत्त्वाचं, इंटरव्ह्यूत तेच करावं लागतं. ग्रुप चांगला की वाईट हे एका दिवसात कळतं, प्रश्नाला नुसतं 'बी' असं उत्तर येतंय का 'बी, कारण अमुक' असं येतंय ते बघ.

क्लासवाल्याला ते शंभर टक्के लेखी द्यायला सांग, बघ कसा चेहरा होतो ते. आणि फी भरायच्या आधी मॅनेजरला विचारून ठेव. सिस्को किंवा एडब्ल्यूएसची पार्टनर असलेल्या कंपनीला वरची लेव्हल मिळवायला सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, म्हणून काही ठिकाणी पास झाल्यावर फी परत देतात. पेरोल दुसऱ्याचा असला तरी विचारायला काय जातंय. नोकरी मात्र लगेच सोडू नकोस, पहिली उडी बहुतेक नॉकमध्ये (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये) एल-वनला, म्हणजे पहिल्या पायरीला बसेल, रोटेशनल शिफ्ट असेल, तयारी ठेव.

प्रश्न: नमस्कार, मी लिनक्स अ‍ॅडमिन होते, मुलगी झाल्यावर पाच वर्षं घरी. आरएचसीएसए (रेड हॅटचं लिनक्स अ‍ॅडमिनचं सर्टिफिकेट) केव्हाच एक्सपायर झालंय. परत द्यावी का? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळी पोरं पंचविशीच्या आतली, विचारायला लाज वाटते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, द्याच. सगळ्याच परीक्षांबद्दल मी असं म्हणणार नाही, पण ही प्रॅक्टिकल आहे, उत्तराला ए-बी-सी-डी असे पर्याय नाहीत, समोर मशीन आणि करून दाखवायचं, 300 पैकी 210 ला पास. नेट मिळत नाही, मॅन पेज, म्हणजे मशीनमधलीच मदतीची पानं, बघता येतात. आणि तुम्हाला आठवत असेल, केलेलं सगळं रीबूटनंतर टिकलं पाहिजे, एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) एक अक्षर चुकलं आणि मशीन वर आलीच नाही तर बाकीची मेहनत पाण्यात. म्हणूनच पाच वर्षांची गॅप दिसल्यावर 'टच राहिला असेल का' हा जो प्रश्न येतो त्याला ताजं आरएचसीएसए बऱ्यापैकी उत्तर देतं. प्रॅक्टिसला खर्च नाही, रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन एका माणसाला फुकट असतं, 16 मशीनपर्यंत. नाहीतर रॉकी किंवा अल्मा हे रेड हॅटसारखेच फुकट लिनक्स टाका.

ग्रुपचं म्हणाल तर विचारू नका, उत्तरं द्या. एलव्हीएम (डिस्कची जागा) वाढवायचं कसं, एसईलिनक्सनं (लिनक्सच्या सुरक्षा-पहारेकऱ्यानं) वेबसर्व्हर का अडवला, या प्रश्नांवर ती पोरं डोकं फोडत असतात आणि तुम्ही ते प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू सर्व्हरवर केलेलं आहे. चार उत्तरं टाइप केलीत की विसरलेलं परत यायला लागेल, आणि रेफरल पण अशाच ठिकाणांहून मिळतात.

प्रश्न: माझ्याकडे अकरा सर्टिफिकेटं आहेत, लिंक्डइनवर बॅजेस भरलेत, तरी कॉल येत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अकरापैकी फंडामेंटल्सवाली किती रे? मायक्रोसॉफ्टच्या एझेड-900 सारखी क्लाउडची ओळख करून देणारी असतील तर दोनच ठेव, बाकीची सीव्हीवरून काढ. असोसिएट लेव्हलची मायक्रोसॉफ्टची असतील तर एक वर्षात संपतात, रिन्यूअल ऑनलाइन आणि फुकट आहे, संपायच्या आधी सहा महिन्यांपासून देता येतं, ते चुकवू नकोस. प्रत्येक सर्टिफिकेटखाली त्यातून काय बांधलंस ते दोन ओळीत लिही, गिटहबची लिंक दे. आणि काहीच बांधलं नसेल तर आजच एडब्ल्यूएसवर छोटं काहीतरी उभं कर, फक्त आधी बजेट अलर्ट लाव, नॅट गेटवेसारखी तासावर पैसे लागणारी सेवा चालू ठेवून झोपलास तर बिल तुझ्या कार्डावर येतं.