आधी राजीनामा खिशात ठेवा

प्रश्न : वय 39, पुण्यात आयटीत आहे. पत्नी घर सांभाळते, मुलगी 8 वर्षांची. घरखर्च 70 हजार. बंगळुरूला हाताने लाकूडकाम शिकवणारा तीन महिन्यांचा कोर्स करायचाय. राहण्यासकट 3 लाख. पर्सनल लोन घेऊ की 9 लाखांची एफडी मोडू? पुढच्या महिन्यात राजीनामा देतोय. नंतर महिन्याला 3 टेबलं विकली तरी 60 हजार सुटतील. शिवाय वर्षाला लाखभर हप्त्याची पॉलिसी आहे (20 वर्षं, 6 हप्ते झाले, विमा 10 लाख, शेवटी 36 लाख), त्यामुळे पुढची चिंता नाही.

उत्तर : एफडी मोडा. 7 टक्क्यांची ठेव जपायला 14 टक्क्यांचं कर्ज कशाला? तुमचा प्रश्न संपला.

आता पॉलिसी. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर 10 लाख घरच्यांना 14 महिने पुरतील. याला विमा म्हणायचं? आणि ते 36 लाख म्हणजे वर्षाला साडेपाच टक्के परतावाही नाही. पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी तेच हप्ते 44 लाखांवर जातात. कुणा 'ओळखीच्या' माणसानेच गळ्यात मारली असणार.

दीड कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, आणि तो नोकरीत असतानाच. कंपनी सॅलरी स्लिप मागते. न विकलेल्या टेबलांवर विमा मिळत नाही. तो हातात पडला की जुनी पॉलिसी पेड-अप करा: विमा 3 लाखांवर येईल, जमलेला बोनस राहील, हप्ता थांबेल. आरोग्य विमाही आत्ताच, स्वतःचा. ऑफिसचा राजीनाम्याबरोबर जातो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

कोर्सचे 3 लाख आणि त्या तीन महिन्यांचा घरखर्च 2 लाख गेल्यावर एफडीत 4 उरतात. त्यातून हत्यारं, जागेचं भाडं, सागवान. घर किती महिने चालेल?

महिन्याला 3 टेबलं हे तर स्वप्नरंजन. पटाशीला धार लावणं आणि रंधा सरळ चालवणं यातच सुरुवातीचे दिवस जातात. डव्हटेलचा (खाचा एकमेकींत अडकवायचा) सांधा फटीशिवाय बसेपर्यंत बरंच लाकूड सरपणात जमा होतं. (कोर्स वाईट नाही. हात बसायला तीन महिने पुरत नाहीत, एवढंच.) वर लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. वरची फळी आवळून ठोकली की ती तडकते आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं.

तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा. नाही मिळाली तर शनिवार-रविवारचा वर्ग शोधा. पहिलं टेबल घरातच वापरा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा. पैसे दुसऱ्या टेबलापासून घ्या.