‘आपल्याच माणसांनी पाडलं’ हे कसं पडताळायचं?

प्रश्न : मतमोजणी अजून व्हायची आहे, तोवरच आमच्या पक्षाचे तालुक्यातले नेते पराभव गृहीत धरून एकमेकांवर खापर फोडत आहेत. खरं काय ते कळतं का?

उत्तर : आज तरी नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावरच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला, नमुना १७-सीची प्रत देतात. त्यात किती मतं पडली ते असतं, कोणाला पडली ते नसतं. ती प्रत मात्र जपून ठेवा.

निकालानंतर नमुना २० मिळवा. त्यात प्रत्येक बूथवरची उमेदवारनिहाय मतं असतात. मागच्या निवडणुकीचाही घ्या. बूथ क्रमांकावरून जुळवू नका, इथेच बहुतेक जण फसतात. क्रमांक आणि हद्दी बदलतात, म्हणून मतदारयादीच्या त्या-त्या भागातली गावं-वस्त्या पाहून जुळवा. मतदान तेवढंच असून फक्त एका नेत्याच्या गावांत घट असेल आणि ती मतं बंडखोराकडे गेली असतील, तर संशयाला आधार आहे. पुरावा मात्र तो नव्हे. घट सगळीकडे सारखी असेल, तर एका माणसाला दोषी धरणं अन्यायाचं आहे. पोस्टल मतं बूथनिहाय नसतात, ती वेगळी ठेवा.

तोवर जाहीर आरोप थांबवा. मोजणीच्या टेबलांवर उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून पक्षातली हीच माणसं बसवायची आहेत.