गांडुळाच्या प्रत्येक नेफ्रिडियमला (उत्सर्जनाच्या बारीक नळीला) नेफ्रोस्टोम असते का?

नाही; आपल्याकडे अभ्यासाला असलेल्या फेरेटिमा गांडुळात ते फक्त सेप्टल, म्हणजे खंडांमधल्या पडद्यांवरच्या नेफ्रिडियांना असते. नेफ्रोस्टोम म्हणजे नळीचे नरसाळ्यासारखे तोंड. ते देहगुहेत उघडते. काठावरचे सूक्ष्म केस सतत हलत राहतात आणि द्रव आत ओढला जातो. हे नेफ्रिडिया १५व्या खंडानंतर थेट शेपटापर्यंत असतात. त्वचेखालच्या आणि घशाजवळच्या नेफ्रिडियांना हे तोंडच नसते, आकृतीत काढलेत तर मार्क गेलेच! प्राणिशास्त्रज्ञ कर्म नारायण बहल यांनी फेरेटिमाच्या या रचनेचे बारकाईने वर्णन केले: सेप्टल नेफ्रिडियांतला द्रव आतड्यात सुटतो, पाणी वाचते. मात्र परदेशी पुस्तकांतल्या लुम्ब्रिकस गांडुळाला हे लावू नका. तिथे बहुतेक प्रत्येक खंडात नरसाळेवाली जोडी असते आणि ती अंगाबाहेर उघडते.