मित्रांनी मिळून क्रिकेटवर विनोदी लिहिताना कोणाचा विनोद ठेवायचा आणि कोणाचा कापायचा, हे कसं ठरवावं?

मतदानाने तर मुळीच नाही. तुम्ही पाच जण आहात, हात वर करून निकाल लावता आणि त्यात तुमचा एक विनोद कापला गेला, असं तुम्ही पत्रात लिहिलंय. आम्हीही पाचच, आणि आम्हीही तेच करायचो.

१९ डिसेंबर २०२०, ऑस्ट्रेलियाविरुद्धची ॲडलेडची गुलाबी चेंडूची (दिवस-रात्र) कसोटी. पहिल्या डावात आपल्याकडे ५३ धावांची आघाडी. आमच्यातला एक जण १ बाद १५ बघून आंघोळीला गेला. बाहेर आला तरी धावा १५च. त्याला वाटलं प्रक्षेपण अडकलंय. सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू केला, मागची वायर हलवून पाहिली. मग शेजारच्या, बाद झालेल्यांच्या आकड्याकडे लक्ष गेलं, तिथे ५ होते. हे त्याने जसंच्या तसं लिहून काढलं आणि त्या दिवशीच्या लेखातला तोच सगळ्यात चांगला परिच्छेद झाला. अकरा जणांच्या एक-आकडी धावा ओळीने लिहून 'हा घ्या ओटीपी' म्हणायचा विनोद एव्हाना सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला होता, तो एकमताने गेला.

भांडण झालं आपला गोलंदाज मोहम्मद शमी याच्यावरून. तो शेवटचा फलंदाज होता. ऑस्ट्रेलियाच्या कमिन्सचा चेंडू हातावर बसला, त्याला पुढे खेळता येईना आणि डाव ९ बाद ३६वर तिथेच संपला. आमच्यातल्या एकाने लिहिलं की शमीने दुखण्याचं निमित्त करून पळ काढला. मी म्हटलं, हे काढ. तो म्हणाला, विनोद आहे, मनाला लावून घेऊ नकोस. तीन विरुद्ध दोन, वाक्य राहिलं. नंतर कळलं की हाताचं हाड मोडलंय, उरलेल्या मालिकेत तो नाही. मी पुन्हा सांगितलं, तर उत्तर आलं, 'मत झालंय.' मी लेखावरून माझं नाव काढून घेतलं.

तो मित्र आजही म्हणतो, तुला विनोद कळत नाही. मला चांगला कळतो. आंघोळीचा परिच्छेद लांबतोय म्हणून छाटत होते, तेव्हा अडून मीच बसलो होतो. तिथे हसं होत होतं ते घरी बसून बघणाऱ्याचं. चेंडू अंगावर घेणाऱ्याचं नव्हतं.

बरोबर महिन्याने, १९ जानेवारी २०२१ला, ऋषभ पंतने ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर नाबाद ८९ केल्या, आपण मालिका २-१ जिंकली आणि आम्ही पुन्हा लिहायला बसलो. मी आधीच अट घातली: दुखापतीवरच्या किंवा खेळाडूच्या घरच्यांवरच्या वाक्याला एकाचाही नकार आला तरी ते जाणार, चर्चा नाही. बाकी सगळं पहिला खर्डा लिहिणाऱ्याच्या मर्जीने. इतरांनी सुचवायचं, पण त्याच्या वाक्यात हात घालायचा नाही. पाच जणांनी घासलेला विनोद वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतो.

अर्थात दोघंच लिहीत असाल तर हे चालणार नाही, तिथे रोजच नकार येईल. आणि हरल्याच्या रात्री लेख टाकू नका, सकाळी एकदा वाचा. आमचं ते वाक्य सकाळी तिघांपैकी एकाला तरी खटकलं असतं.

तुमचा कापलेला विनोद कशावर होता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोणाच्या दुखण्यावर असेल, तर मी कापणाऱ्याच्या बाजूने आहे.