झाकून प्यायल्यावर महागडी व्हिस्की हरली, मग पैसे वाया गेले का?

प्रश्न: पन्नाशीनिमित्त मी स्वतःसाठी साडेपाच हजारांची धुरकट स्कॉच सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की) घेतली. मेव्हण्याने गच्चीवर तीन ग्लास भरले, कुठल्यात काय ते सांगितलं नाही, आणि आम्ही पाचही जणांनी नऊशेवालीला पहिला नंबर दिला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. किंमत म्हणजे नुसतं नावाचंच असतं का हो? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: नाही हो, पण किंमत म्हणजे चवीचे मार्क पण नव्हेत. आपल्याकडे गोव्यात तर हे लगेच कळतं, पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात सावंतवाडीला गेलात की तीच सीलबंद बाटली महाग होते, आतला थेंब तोच, बदलतो तो फक्त टॅक्स. शिवाय स्कॉचवर आयातीची ड्युटी, खोका, जाहिरात, हे सगळं तुम्हीच भरता.

मग किंमतीतलं खरं काय, तर पिंपातला काळ. स्कॉच म्हणायला निदान ३ वर्षं ओकच्या पिंपात राहावी लागते, आणि तिथल्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते. आपल्या कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट बनते, तिथल्या उकाड्यात हेच प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास जातं. हिशोब करून बघा, गोव्यात ६ वर्षांत पिंप जवळजवळ ४० टक्के रिकामं होतं आणि स्कॉटलंडात १८ वर्षांनीही ३० टक्केच. म्हणून लेबलवरचा १२ की १८ हा आकडा बघून इथल्या आणि तिथल्या व्हिस्कीची तुलना करू नका, मला तर आपली कमी वयाची माल्ट कितीतरी वेळा जास्त भरलेली लागलीये.

आता तुमच्या गच्चीवरचं. झाकून चाखणं मला मनापासून आवडतं, लेबल दिसलं की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते. २००८ साली वाइनचा एक अभ्यास छापून आला होता, सहा हजारांवर चाचण्या, किंमत लपवून, आणि साध्या पिणाऱ्यांना महाग वाइन उलट किंचित कमीच आवडली. पण तुम्ही एकदाच चाखलंत, सोबत बहुतेक रवा फ्राय बांगडे असणार, आणि मुख्य म्हणजे ‘कुठली आवडली’ एवढंच विचारलंत. फरक कळतो का हा वेगळा प्रश्न आहे. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीचं स्पिरिट असतं, चव गोडसर आणि सवयीची, त्यासमोर तुमच्या स्कॉचमधला पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या) धुराचा वास पहिल्या घोटाला दवाखान्यासारखा वाटतो, त्यामुळे पाचही जण सवयीच्या चवीकडे गेले यात नवल नाही.

परत करा, पण असं. चहाचे तीन सारखे कप घ्या म्हणजे रंग दिसणार नाही (रंगासाठी स्कॉचमध्येही कॅरामल चालतं, गडद म्हणजे जुनी असं काही नाही), दोन कपांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कप कुठला ते ओळखायचं. ओतणारा माणूस वेगळा आणि त्याने समोर थांबायचं नाही, त्याचा चेहरा सगळं सांगून टाकतो. जेवणाआधी करा, कपात चमचाभरच, थोडं पाणी घालून, आधी वास मग घोट, आणि थुंकलात तरी चालेल. असं सहा वेळा, दोन संध्याकाळींत वाटून. सहापैकी पाच वेळा बरोबर आलं तर फरक खरंच कळतोय, नुसत्या अंदाजाने एवढं पन्नासात एखाद्यालाच जमतं.

ओळखता आलं आणि तरी नऊशेवालीच आवडली, तर बिनधास्त तीच घ्या. ओळखता आलं नाही तर पुढच्या वेळी साडेपाच हजार खर्चू नका. आणि उरलेली माल्ट मेव्हण्याला देऊन टाकू नका हं, महिनाभराने एकटे बसून, कोणी नंबर विचारत नसताना परत एकदा घ्या, धूर आवडायला बऱ्याच जणांना वेळ लागतो, मला दोन वर्षं लागली.