वाचक विचारतात : बाटल्यांवर 'बिली जीन'

प्रश्न : 'बॉटल बॉईज' या डॅनिश गटाने मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' बाटल्या फुंकून वाजवलंय. त्यातली बेसची (सगळ्यांत खालच्या स्वरांची) ओळ आम्हा चौघांना बसवायची आहे. 750 मिलीच्या चार सारख्या काचेच्या बाटल्या जमवल्यात. कशात किती पाणी घालू? अर्धी भरली की वरचं सप्तक लागेल असं वाटलं होतं, ते साफ चुकलं.

उत्तर : चौघं आणि चार बाटल्या, हिशेब अगदी जुळतो. ओळ आठ स्वरांची असली तरी वेगळे स्वर त्यात चारच आहेत. काळी तीनचा सा धरा आणि म्हणा : सा प नी सा नी प म प. नी कोमल, प, नी, म तिन्ही साच्या खालचे.

आता तुमची चूक. फुंकल्यावर बाटलीतली हवा वाजते, आणि कंपनसंख्या हवेच्या आकारमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून वरचं सप्तक हवं तर हवा निम्मी करून भागत नाही, पावपट करावी लागते. अर्ध्या बाटलीवर तुम्हाला लागला असेल तो तीव्र मध्यम! लक्षात ठेवायला सोपं माप असं : एक अर्धस्वर (पेटीवरची लगतची पट्टी, काळी-पांढरी धरून) चढायला, त्या वेळी जेवढी हवा असेल तिच्यातली साधारण 11 टक्के कमी करायची.

रिकामी बाटली फुंकून फोनवरच्या ट्यूनरवर बघा. लांब गळ्याची, तोंडाचा आतला व्यास 18-19 मिमी असलेली बाटली साधारण 110 हर्ट्झ देते, म्हणजे पांढरी सहा. तुमची तशीच असेल तर मध्यमाला 155 मिली पाणी, पंचमाला 280, कोमल निषादाला 415 आणि षड्जाला 485. ग्रॅमचा काटा असेल तर बाटली त्यावर ठेवूनच भरा, 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम. शेवटचे वीसेक मिली मात्र सिरिंजने, ट्यूनर बघत. साच्या बाटलीत हवा जेमतेम 265 मिली उरते, तिथे 10 मिली इकडचे तिकडे झाले की स्वर अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याने हलतो. मध्यमाच्या बाटलीत तेवढीच चूक निम्म्यानेही जाणवत नाही. जुळलं की पाण्याच्या रेषेवर मार्करने खूण करा.

हे सगळं मूळ बेसच्या एक सप्तक वर वाजेल. त्याच सप्तकात उतरायचं तर गळा तोच आणि पोटात चौपट हवा अशी बाटली शोधावी लागेल. गाणाऱ्याचा आवाज वर असेल तर वरचं सप्तकही खटकत नाही.

प्रश्न : चमच्याने वाजवून बाटल्या नीट जुळवल्या, पण फुंकल्यावर सगळंच उलटं झालं.

उत्तर : होणारच. चमच्याने काच आणि तिला चिकटलेलं पाणी थरथरतं. पाणी वाढलं की वजन वाढतं आणि स्वर उतरतो, जलतरंगात होतं तसं. फुंकताना पाणी वाढलं की हवा घटते आणि स्वर चढतो. जे वाजवायचं तेच करून जुळवा. आणि जेवढ्या जोराने कार्यक्रमात फुंकणार तेवढ्याच जोराने फुंका. हळू फुंकून जुळवलेली बाटली जोरात फुंकली की चढते. खालचा ओठ तोंडाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त झाकत असेल तर उतरते.

प्रश्न : स्वर उशिरा लागतो, ताल मागे पडतो. दोन कडव्यांनंतर गरगरतं.

उत्तर : गाण्याची गती मिनिटाला सुमारे 117 मात्रा, म्हणजे ओळीतल्या एका स्वराला पाव सेकंद. बाटलीचा आवाज भरायला क्षणभर लागतोच, म्हणून नुसती 'फू' चालत नाही. जीभ दातांमागे टेकवून 'तू' म्हणत हवा सोडायची, अरुंद झोत समोरच्या कडेवर. आणि लगेच तोडायची. इथे लांब स्वराची हौस नको.

गरगरतं ते जास्त हवा सोडल्याने. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. एका आवर्तनात पंचम तीनदा येतो (दुसरा, सहावा, आठवा), सा आणि नी दोनदा, मध्यम एकदाच. बिचाऱ्या पंचमवाल्यावर सगळा भार. दर आठ आवर्तनांनी त्याची आणि मध्यमवाल्याची अदलाबदल करा, बाटल्या जागेवरच ठेवून. तरीही गरगरलं तर थांबा आणि बसा.

प्रश्न : प्लास्टिकची बाटली चालेल का?

उत्तर : कडक असेल तर चालेल. मऊ बाटली हातात दबते आणि स्वर हलतो, शिवाय भिंती हलल्याने आवाज पोकळ येतो.